किरकोळ खर्च

माझं काम हिशोब लिहायचं. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवर चार-पाच छोट्या धंदेवाल्यांची पुस्तकं मी सांभाळते, दोन रेस्टॉरंट आहेत, एक बेकरी, एक ड्रायक्लीनर. आणि या सगळ्यांकडे दर महिन्याला न चुकता येणारं एक बिल असतं ते कचऱ्याचं. इथे दुकानांचा-हॉटेलांचा कचरा खासगी कंपनी उचलते, त्याला कार्टिंग म्हणतात. काही वर्षांपूर्वी एका रेस्टॉरंटचं हे बिल अचानक वाढलं म्हणून मी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली आणि मालकापुढे ठेवली. मालक सत्तरीच्या पुढचे, आजोबा सिसिलीतून आलेले. मला वाटलं चांगलं काम केलंस म्हणतील, पण ते ती तीन कागदं हातात घेऊन बराच वेळ नुसते बघत बसले आणि मग म्हणाले, माझ्या वडिलांच्या वेळी असं काही नव्हतं, तेव्हा आपण कचरेवाला निवडायचो नाही, आपण कचरेवाल्याच्या मालकीचे असायचो.

मी विचारलं म्हणजे काय. तर म्हणाले, रॉबर्ट कुबेका हे नाव ऐकलंयस का?

नव्हतं ऐकलं. त्या रात्री घरी येऊन शोधलं आणि मग पुढचे कित्येक महिने मी त्याच्याच मागे होते. जुनी कोर्टाची निकालपत्रं, त्या काळची वर्तमानपत्रं, जे मिळेल ते वाचत गेले.

कुबेकाकडे जायच्या आधी थोडं मागे जावं लागेल, कारण हा माणूस ज्यांच्यासमोर उभा राहिला ती लुकेसी फॅमिली तेव्हा पन्नासहून जास्त वर्षं जुनी होती. न्यूयॉर्कमधल्या पाच माफिया कुटुंबांपैकी हे एक. यांचा इतिहास कुठेही वाचायला घ्या, त्यात खून असतात, बॉसची टोपणनावं असतात, कुणी कुणाला कुठल्या हॉटेलात गोळ्या घातल्या ते असतं. पैसा नेमका कुठून यायचा ते मात्र एका ओळीत उरकलेलं असतं. मी हिशोब लिहिणारी बाई, त्यामुळे माझं लक्ष त्या एका ओळीवरच जाऊन अडकलं.

सुरुवात बर्फापासून होते. १९२०च्या दशकात घरोघरी फ्रिज नव्हते, लाकडी पेटीत बर्फाची लादी ठेवून दूध-मांस टिकवायचं, आणि ब्राँक्समध्ये हा बर्फाचा धंदा गाएतानो रेना नावाच्या माणसाच्या मुठीत होता. विचार करा, उन्हाळा आहे, घरात लहान मूल आहे आणि बर्फ घेतल्याशिवाय चालणार नाहीये. अशा गोष्टीवर हात ठेवला की बंदूक रोज काढावी लागत नाही. न्यूयॉर्कच्या सिसिलियन टोळ्यांमध्ये मासेरिया आणि मारांझानो असे दोन गट पडून लढाई पेटली आणि त्यात २६ फेब्रुवारी १९३० ला रेना मारला गेला. त्याच्या जागी मासेरियाने आपला माणूस बसवला, तोही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला. १९३१ साली दोन्ही गटांचे म्होरके पाच महिन्यांच्या अंतराने मारले गेले आणि उरलेल्यांनी शहर पाच फॅमिलींमध्ये वाटून घेतलं, वर भांडणं मिटवायला कमिशन नावाची पंचायत नेमली. रेनाची टोळी गेली टोमासो गाल्यानोकडे. हा माणूस जवळजवळ वीस वर्षं बॉस होता आणि बाहेरच्या जगाला त्याचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. रेनाच्या मुलीचं, मिल्ड्रेडचं, लग्न पुढे जो वलाचीशी झालं. तोच वलाची, ज्याने १९६३ साली सिनेटच्या समितीसमोर बसून सगळ्या देशाला ‘कोसा नोस्त्रा’ हा माफियावाले स्वतःसाठी वापरायचे तो शब्द पहिल्यांदा ऐकवला.

गाल्यानोनंतर आला टॉमी लुकेसी, ज्याच्या नावाने ही फॅमिली आजही ओळखली जाते. जन्म पालेर्मोचा, १८९९चा, अकरा-बारा वर्षांचा असताना अमेरिकेत आला. पोरवयात मशीनशॉपमध्ये काम करताना बोट गेलं, त्यावरून पोलिसांनी त्याला ‘थ्री फिंगर ब्राउन’ म्हणायला सुरुवात केली, हे त्या काळच्या एका बेसबॉल खेळाडूचं नाव. मला त्या गोष्टीत नेहमी ते मशीनच दिसत राहतं. इटलीहून आलेल्या हजारो पोरांची बोटं अशी गेली असतील आणि ती सगळी पोरं दुसऱ्या दिवशी परत कामाला गेली असतील. हा गेला नाही. पण म्हणून मी त्याला माफ करत नाही, कारण पुढे त्याने ज्यांच्या खिशात हात घातला ते त्याच्यासारखेच बोटीतून उतरलेले लोक होते.

त्याचा धंदा कपड्याचा. मॅनहॅटनच्या गारमेंट डिस्ट्रिक्टमध्ये त्याचे स्वतःचे ड्रेस शिवायचे कारखाने होते, पण खरी चावी होती ट्रक. कापड एका ठिकाणी कापलं जायचं, शिवायला दुसरीकडे जायचं, शिवून झालं की परत यायचं, आणि हे सगळं नेणारा-आणणारा ट्रक ठरलेला असायचा. शिलाईवाल्याला ट्रकवाला बदलता यायचा नाही. याला त्या लाइनमध्ये चक्क ‘मॅरेज’ म्हणायचे. तुमच्या शॉपचं लग्न अमुक ट्रकवाल्याशी लागलंय, बस्स, आता आयुष्यभर तोच, तो म्हणेल तो भाव, त्याने माल नेला नाही आणि तुम्ही स्वतः नेलात तरी पैसे द्यायचे. लुकेसीच्या मुलीचं लग्न १९६२ साली कार्लो गँबिनोच्या मुलाशी झालं, म्हणजे दोन फॅमिलींचे बॉस एकमेकांचे व्याही झाले, आणि लुकेसी १९६७ साली ब्रेन ट्युमरने गेल्यावरही गारमेंटच्या ट्रकांवरची पकड याच जावयाच्या आणि त्याच्या भावाच्या हातात राहिली. ती सुटली १९९२ साली. तपासवाल्यांनी चायनाटाउनमध्ये शिलाईचा खराखुरा कारखाना थाटला होता, माणसं ठेवून कपडे शिवून घेतले होते आणि ट्रकवाले कसे भाव सांगतात ते रेकॉर्ड केलं होतं. दोघा भावांनी गुन्हा कबूल केला, १ कोटी २० लाख डॉलर दंड भरला आणि ट्रकच्या धंद्यातून बाहेर पडले. तुरुंगवास नाही. आधी हे वाचून मला फार राग आला होता, पण नंतर वाटलं की त्या शिलाईवाल्यांना कुणाच्या तुरुंगवासापेक्षा त्या लग्नातून सुटका जास्त हवी होती.

आता कचरा.

लाँग आयलंडवर कार्टिंगवाल्यांची एक असोसिएशन होती आणि ती चालवायचा साल्वातोरे आव्हेलिनो, लुकेसी फॅमिलीचा माणूस. सोबतीला ट्रकवाल्यांची युनियन. नियम एकच, ज्याला ते ‘प्रॉपर्टी राइट’ म्हणायचे. म्हणजे एखादं दुकान एकदा एका कचरेवाल्याचं झालं की ते कायमचं त्याचं. दुकान विकलं गेलं, मालक बदलला, पिझ्झाच्या जागी बूट विकायला लागले तरी तो पत्ता त्याचाच. दुसऱ्या कुणी कमी भावात उचलतो म्हणून ते गिऱ्हाईक घेतलं तर असोसिएशन पंचायत बसवणार आणि त्याला ते गिऱ्हाईक परत द्यायला किंवा भरपाई द्यायला लावणार. बाहेरून बघणाऱ्याला सगळं शांत दिसतं, भांडण नाही मारामारी नाही, फक्त बिल जरा जास्त. आणि ते जरा जास्त बिल पाव विकत घेणाऱ्या बाईपर्यंत, केस कापून घेणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना थोडं थोडं वाटलं जातं, कुणाला कळतसुद्धा नाही.

कुबेकाच्या वडिलांची कचरा उचलायची छोटी कंपनी होती, ती पुढे रॉबर्टने आणि त्याचा मेव्हणा डोनाल्ड बार्स्टो याने मिळून चालवली. या घराने असोसिएशनचे नियम मानले नाहीत. कमी भाव देऊन ते सरळ टेंडर भरायचे. मग धमक्या, गाड्यांची नासधूस, गिऱ्हाइकांवर दबाव, हे वर्षानुवर्षं चाललं. आणि १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्टने राज्य सरकारच्या ऑर्गनाइज्ड क्राइम टास्क फोर्सला मदत करायचं ठरवलं, अंगावर रेकॉर्डर लावून तो या लोकांच्या बैठकांना जायला लागला. मी हे वाक्य लिहितेय ते किती सोपं वाटतं बघा. शर्टाच्या आत यंत्र, समोर ज्यांनी माणसं मारलीत अशी माणसं, आणि आपण कचऱ्याच्या भावाबद्दल बोलायचं, घाम न येऊ देता.

त्या रेकॉर्डिंगच्या जोरावर टास्क फोर्सला पुढचे दरवाजे उघडता आले. आव्हेलिनो तेव्हा फॅमिलीच्या बॉसला रोज आपल्या जॅग्वार गाडीतून फिरवायचा. बॉस होता अँथनी कोरालो, ‘टोनी डक्स’, म्हणजे कोर्टाला हुलकावण्या देणारा म्हणून ते नाव, आणि हाच कोरालो १९६८ साली शहराच्या पाणीपुरवठा खात्याच्या कमिशनरला लाच दिल्याच्या प्रकरणात दोषी ठरला होता, म्हणजे यांचा हात पाण्यापर्यंतही गेला होता. कोरालो फोनवर एक शब्द बोलायचा नाही. पण गाडीत बोलायचा. १९८३ साली आव्हेलिनो एका जेवणाच्या कार्यक्रमाला गेलेला असताना तपासवाल्यांनी ती जॅग्वार उघडली, आत माइक बसवला आणि गाडी होती तशी ठेवून दिली. मग कित्येक महिने ते मागून दुसऱ्या गाडीतून ऐकत राहिले. कोरालो बोलत राहिला, कोण किती देतो, कुणाचं काय करायचं, आणि कमिशनमध्ये काय ठरलं. कमिशन नावाची काही गोष्ट आहे हे बॉसच्या स्वतःच्या तोंडून रेकॉर्ड झालं. त्या टेपा फेडरल वकिलांकडे गेल्या, १९८५ च्या फेब्रुवारीत पाचही फॅमिलींच्या नेत्यांवर एकत्र आरोपपत्र आलं, १९८६ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आणि जानेवारी १९८७ मध्ये शिक्षा. कोरालोला १०० वर्षं. तो २००० साली तुरुंगातच गेला.

या खटल्याबद्दल लिहिताना सगळे मोठ्या वकिलांची नावं घेतात, ते पुढे मोठ्या पदांवर गेले. पण धागा उलटा ओढत गेलं की तो जाऊन पोचतो लाँग आयलंडवरच्या एका कचरेवाल्याच्या शर्टाच्या आत. हे मला सारखं सांगावंसं वाटतं, भेटेल त्याला मी हे सांगितलंय.

१० ऑगस्ट १९८९, पहाट. ईस्ट नॉर्थपोर्टमधलं कंपनीचं छोटं ऑफिस. कचऱ्याचा धंदा पहाटेचा, गाड्या बाहेर पडायच्या आधी मालकाला हजर राहावं लागतं, त्यामुळे रॉबर्ट आणि डोनाल्ड दोघं आत होते. मारेकरी आले आणि दोघांनाही गोळ्या घातल्या. रॉबर्ट ४० वर्षांचा होता, डोनाल्ड ३५. कारण असं की केंद्र सरकारने त्याच वर्षी लाँग आयलंडच्या कार्टिंगवाल्यांवर मोठा दावा लावला होता आणि रॉबर्ट त्यात साक्षीदार म्हणून उभा राहणार होता. म्हणजे बॉस १०० वर्षांसाठी आत गेला होता, खटला जिंकून झाला होता, पेपरात माफिया संपली म्हणून लेख येत होते, आणि ज्याच्यामुळे हे झालं तो माणूस मात्र रोज पहाटे त्याच ऑफिसात त्याच खुर्चीवर एकटा-दुकटा बसत होता. त्याच्या घरच्यांनी नंतर राज्य सरकारवर दावा लावला, की तुम्ही त्याला वापरलंत आणि वाचवलं नाहीत, आणि कोर्टाने ते मान्य करून सरकारला भरपाई द्यायला लावली. आव्हेलिनोने १९९४ साली या खुनांच्या कटातला सहभाग कबूल केला, त्याला साडेदहा वर्षं झाली. मारेकऱ्यांपैकी एक जण तर २००३ सालापर्यंत फरार होता.

साडेदहा वर्षं. मी हा आकडा तीनदा तपासून बघितला होता.

खुनाला मंजुरी देणारे होते कोरालोनंतरचे दोघे, व्हिक अम्युसो आणि अँथनी कॅसो. यांच्या काळाबद्दल फार लिहायची इच्छा नाही. संशय आला की मार, एवढंच यांचं राज्य. यांचाच एक माणूस पीटर कियोडो, त्याला १९९१ साली १२ गोळ्या घातल्या, तो वाचला आणि सरकारचा साक्षीदार झाला, म्हणून पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीवर गोळ्या झाडल्या, तीही वाचली. बायकांना हात लावायचा नाही म्हणे असा यांचा नियम होता. अल डार्को नावाचा त्यांचा कार्यकारी बॉस शेवटी स्वतःच जिवाला घाबरून एफबीआयकडे गेला.

पण एक गोष्ट सोडता येत नाही. कॅसोने न्यूयॉर्क पोलिसांतले दोन डिटेक्टिव्ह, एपोलिटो आणि काराकॅपा, महिन्याला ४,००० डॉलरवर बांधून ठेवले होते. १९८६ साली कॅसोवर हल्ला झाला, हल्लेखोरांपैकी एकाचं नाव निकी ग्वीडो, आणि त्याचा पत्ता पोलिसांच्या रेकॉर्डमधून काढून दिला गेला. पत्ता निघाला त्याच नावाच्या दुसऱ्याच मुलाचा. निकोलस ग्वीडो, वय २६, टेलिफोन कंपनीत कामाला, या कशाशी संबंध नाही. ख्रिसमसच्या दिवशी तो घराबाहेर आपल्या काकाला नवी घेतलेली लाल गाडी दाखवत होता तेव्हा त्याला मारलं. त्या दोन पोलिसांना जन्मठेप व्हायला २००९ साल उजाडलं. आमच्या भाषेत आपण म्हणतो ना, नामसाधर्म्य, किती निरुपद्रवी शब्द वाटायचा मला तो.

खिडक्यांचं तेवढं सांगते, कारण तो शुद्ध हिशोबाचा भाग आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींमध्ये, जिथे गरीब लोक राहतात, तिथल्या जुन्या खिडक्या बदलायची कोट्यवधींची कंत्राटं निघाली. लुकेसी धरून चार फॅमिलींनी मिळून टेंडरं आपसात ठरवून घेतली आणि बाकी कुणी खिडकी बसवली तर त्याच्याकडून एका खिडकीमागे १ ते २ डॉलर घ्यायचे. एका खिडकीमागे एक डॉलर. दिसायला काहीच नाही. यावरचं आरोपपत्र १९९० साली आलं, त्यात अम्युसो आणि कॅसो दोघंही होते, आणि दोघंही त्याआधीच पळून गेले, कारण आतून कुणीतरी आधी कळवलं होतं.

एक डॉलर वाचला आणि मला बाबांची वही आठवली.

ठाण्यात बाबांचं इलेक्ट्रिकलच्या सामानाचं दुकान होतं, दहा बाय बाराचं. होल्डर, वायर, पंख्याचे कंडेन्सर असलं सामान. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक मुलगा यायचा, बाबा गल्ल्यातून पाकीट काढून द्यायचे, तो कधी पाणीसुद्धा मागायचा, आई द्यायची. मी आठवी-नववीत असेन, शाळा सुटल्यावर दुकानात बसून बाबांच्या वहीत जमाखर्च लिहायची, माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम माझ्याकडे. त्या पाकिटासमोर काय लिहायचं असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा बाबा थोडं थांबून म्हणाले, लिही, किरकोळ खर्च. मग दर महिन्याला मी सुंदर अक्षरात किरकोळ खर्च लिहीत गेले, अकरावीला जाईपर्यंत. मामा दुकानात बाबांबरोबर बसायचा, आईचा धाकटा भाऊ, तो एकदा चिडून म्हणाला होता, दाजी, द्यायचे नाहीत आपण, काय करतील बघू. बाबांनी त्याला गप्प केलं. मला तेव्हा मामा शूर वाटला होता आणि बाबा घाबरट. मोठी झाल्यावर ते बोलायचं धाडस कधी झालं नाही, पण मनात कुठेतरी ते तसंच राहिलं होतं, हे मी आज कबूल करते.

मागच्या वर्षी मी एका शनिवारी पहाटे ईस्ट नॉर्थपोर्टला गाडी घेऊन गेले. घरी नीट सांगताही आलं नाही का जातेय. साधं लाँग आयलंडवरचं गाव, झाडं, ठेंगणी घरं, डेलीत, म्हणजे सँडविच-कॉफीच्या छोट्या दुकानात, कॉफी घेणारी दोन माणसं. एक कचऱ्याची गाडी शेजारून गेली, मागे उभा असलेल्या मुलाने हात केला, मीपण केला. थोडा वेळ थांबले आणि परत आले.

त्याच दिवशी रात्री, म्हणजे ठाण्यात रविवारची सकाळ, बाबांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं, बर्फापासून. बाबा आता ऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, तरी मध्ये एकदाही थांबवलं नाही. मी वहीचा विषय काढला नाही. सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, तो ऑफिसात एकटाच होता का गं?

म्हटलं नाही बाबा, मेव्हणा होता बरोबर. दोघंही गेले.

बराच वेळ काही आवाज नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, “मेव्हण्याचं वय काय होतं?”

“पस्तीस.”

“तुझा मामा तेव्हा सव्वीस वर्षांचा होता,” बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.